बाबांनी गयेत भात सोडला

इंग्रजीत सोडण्याची क्रियापदं पुष्कळ आहेत. आमच्या डेस्कवर ती सगळी एकाच मराठी शब्दात येऊन पडायची. मंत्र्याने खातं सोडलं, खेळाडूने आशा सोडली, अधिकाऱ्याने पदभार सोडला, चालकाने जखमीला रस्त्यावर सोडलं. वाचकाची तक्रार नसायची. गोंदियाच्या त्या कार्यालयात एका मुख्य उपसंपादकांना मात्र याचा त्रास व्हायचा. ते निवृत्तीला आले होते आणि त्यांना त्रास करून घ्यायला वेळ होता.

त्यांचं आवडतं क्रियापद ‘रिलिंक्विश’ हे होतं. ते बदलीच्या आदेशांत यायचं, म्हणजे जवळजवळ रोज. हे सवयीला लागत नाही, असं ते सांगायचे. माणूस सिगारेट सोडतो, तिथे ते चालणार नाही. त्याला हातात धरलेलं काहीतरी लागतं. हक्क, ताबा, खुर्ची, दोरी. वस्तू जिथे आहे तिथेच राहते, फक्त हात निघतो. आणि बहुधा तो हात खुशीने निघत नाही. हे ऐकून घेऊन मी ‘पदभार सोडला’ असं लिहायचे आणि पुढची बातमी घ्यायचे.

एका पितृपक्षात बाबांनी गयेत भात सोडला. तेव्हा त्याचा या क्रियापदाशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

गयेला आम्ही चौघं गेलो होतो. बाबा, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे काका, या दोघांच्या मधली बहीण म्हणजे आत्या, आणि मी. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं, तिचे पिंड द्यायचे होते. बाबा आणि काका दवनीवाड्याला एकत्र राहतात, घरची धानाची शेती आहे. माझं घर फुलचूरला. मला नेलं ते तिकिटांसाठी आणि हिंदीसाठी. गोंदियात हिंदी सगळ्यांनाच येते, पण माझी हिंदी छापील आहे असा घरात समज आहे.

गयेला पिंड दिले की आपल्या आवडीचं एक फळ किंवा भाजी तिथेच सोडून यायची आणि पुन्हा जन्मात खायची नाही, अशी प्रथा आहे. आमच्याकडे ती सगळे पाळतात आणि कशी पाळतात तेही सगळ्यांना माहीत असतं. दवनीवाड्यात लिची सोडलेली माणसं बरीच आहेत. लिची दवनीवाड्यात मिळत नाही.

आत्याने गाडीतच सगळ्यांची तयारी करून घेतली.

“मी ड्रॅगन फ्रूट सोडणार आहो,” ती म्हणाली.

“तू कधी खाल्लंस?” काकांनी विचारलं.

“एका लग्नात पाहिलं होतं. चांगलं वाटलं.”

काकांनी लिची धरली. बाबांना नासपाती ठरवून दिली. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या शेतांकडे पाहत राहिले. बाहेर कोणाचा धान किती वर आला आहे, हे ते मध्येमध्ये सांगत होते.

घाटावर गर्दी होती आणि ऊन होतं. आमचे विधी करणाऱ्या पंडाजींकडचं पुढचं यजमान कुटुंब रांगेत येऊन बसलेलं होतं, त्यामुळे मंत्र भराभर चालले होते. आत्याने ड्रॅगन फ्रूट सोडलं. पंडाजींनी ते न अडखळता संकल्पात घातलं, यावरून हे त्यांच्याकडे नेहमीचं असावं. काकांची लिची गेली. मग पंडाजी बाबांकडे वळले. बाबांच्या ओंजळीत अजून भाताचा पिंड होता.

“बोलिए बाबूजी, क्या छोड़ रहे हैं? जो सबसे प्यारा हो।”

बाबांनी ओंजळीकडे पाहिलं आणि म्हणाले, “भात.”

पंडाजी तिकडचेच. त्यांना भात म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. ते पहिल्यांदाच थांबले. “भात?”

“भात,” बाबा म्हणाले.

पंडाजींनी पाणी सोडलं. मागून आत्या म्हणाली, “दादा, नासपाती.” बाबांनी मागे न पाहता सांगितलं, “पाणी पडलं आता.”

परतीची गाडी सुटली. मग काकांनी विचारलं, “तू असं काऊन म्हटलं, दादा?”

“हातात तेच होतं.”

“हातात होतं म्हणून? हातात माझं धोतर असतं तर?”

“तू लिचीवाला. तू बोलू नको,” बाबा म्हणाले.

आमच्याकडे जेवण म्हणजे भात. बाकीचं त्याच्या आजूबाजूला असतं. बाबांच्या ताटात पोळ्या येऊ लागल्या तेव्हा एक अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. चार पोळ्या खाऊन झाल्या की बाबा तसेच बसून राहायचे. उष्टा हात वाळत असायचा. ते रागावलेले नसायचे. त्यांच्या हिशेबाने नाश्ता झाला होता आणि जेवण यायचं होतं. काकू जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही, त्यामुळे ती दारात उभी राहून मला म्हणायची, “विचार तुझ्या बाबाले, ताट उचलू काय?” मी तिथे नसले की ती हाच प्रश्न फोनवरून विचारायची. मी फुलचूरहून बाबांना फोन करायचे, आणि बाबा पलीकडच्या खोलीत ताटावर बसून तो घ्यायचे.

“उचलू दे,” ते म्हणायचे. मग काकू ताट उचलायची.

पुढचा प्रश्न व्याख्येचा होता. भात सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं? पोहे भात आहेत का? मुरमुरे? तांदळाचे पापड? आत्या तिच्या गावाहून खास यासाठी आली आणि तिने पोह्यांची बाजू घेतली. पोहे शिजवत नाहीत, भिजवतात, असा तिचा मुद्दा होता. बाबांनी नियम एका वाक्यात सांगितला, “धानातून निघते ते भात.” या नियमात इडली गेली, डोसा गेला, देवळातली खीर गेली. गोंदियाच्या एका हॉटेलात त्यांनी वेटरला उत्तप्याबद्दल इतकं विचारलं की मालक बाहेर आला. त्याने हात जोडून सांगितलं, “काका, आप समोसा लीजिए।”

गावात बातमी वेगळीच पोचली. आमच्या भागात धडधाकट माणूस भात एकाच कारणाने बंद करतो. लोक येऊन विचारू लागले, “शुगर किती निघाली?” बाबा म्हणायचे, शुगर नाही. लोक समजून घेतल्यासारखी मान हलवायचे, कारण शुगर झालेला प्रत्येक माणूस आधी तेच म्हणतो. एकाने कारल्याचा रस आणून दिला. दुसऱ्याने आपलं मोजायचं यंत्र आणून ओसरीवर बाबांचं बोट टोचलं. आकडा चांगला आला. “म्हणजे गोळी लागू पडून राहिली,” तो म्हणाला आणि यंत्र गुंडाळून गेला. बाबांना भाताचं दुःख होतं तेवढंच, पण शुगरचा अपमान वाटला.

इथपर्यंत हे सगळं घराला परवडणारं होतं. एका दुपारी आत्या सुपारी कातरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “मग यंदा नवं कोण खाईल?”

काका जेवत होते. त्यांचा घास वाटेत थांबला. मग तोंडात गेला, पण आधीपेक्षा सावकाश.

हे सांगायला हवं. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान दिवाळीच्या सुमाराला घरी येतो, तेव्हा आमच्या घरात नवं खातात. नव्या तांदळाचा भात शिजवतात, पानावर दूधगुळात कालवतात, देवाला आणि गेलेल्यांना दाखवतात. मग घरातला मोठा पुरुष पाटावर बसून पहिला घास घेतो. तोवर नवा तांदूळ कोणी तोंडात घालायचा नाही. आणि आमच्या घरात एवढ्यावर ते संपत नाही. ज्याचा पहिला घास, वर्षभर शब्द त्याचा. पेरणी कधी, पोती कधी भरायची, पाहुण्याला कुठे बसवायचं, सगळं त्याने सांगायचं. आजोबा गेल्यापासून पहिला घास बाबांचा होता. आता ट्रॅक्टरची चावी काकांच्या मुलाकडे गेली होती. बाजारात काका जायचे. आई नव्हती. बाबांच्या हातात तो एक घास उरला होता, आणि तो भाताचा होता.

काकांनी या विषयावर एक शब्दही काढला नाही. फक्त त्यांची चाल बदलली. ते अंगणात उभे राहून आभाळाकडे पाहू लागले. आधी हे काम बाबांचं होतं. गोंदियाला गेले तेव्हा खांद्यावर घ्यायचा नवा दुपट्टा घेऊन आले. मग एक दिवस त्यांनी काकूला विचारलं, “तो पाट कुठं ठेवला राहते?”

“कायले?” काकूने विचारलं.

“असंच. खिळा निघाला असन तर ठोकून देतो.”

बाबा ओसरीवरून म्हणाले, “खिळा पक्का आहे. मी पाहिलो.”

आत्याने पंडाजींना फोन लावला. त्यांनी निघताना आपलं कार्ड दिलं होतं. फोन स्पीकरवर होता आणि आम्ही सगळे भोवती बसलो होतो. आत्याने हिंदीत सांगितलं की घाईत चूक झाली, भाऊसाहेबांना नासपाती म्हणायचं होतं.

“माताजी, संकल्प में करेक्शन नहीं होता,” पंडाजी म्हणाले. “बदलना है तो फिर से आना पड़ेगा।”

“आएंगे. फिर भात वापस मिल जाएगा ना?”

“नहीं नहीं। वो तो गया। नासपाती भी छूट जाएगी।”

आत्याने फोन ठेवला. बाबा म्हणाले, “नासपाती राहू दे मग.”

त्या आठवड्यात मी हा प्रकार मुख्य उपसंपादकांना चहा पिताना सांगितला. ते हसले नाहीत. बातमी ऐकताना ते हसत नसत. “भात ही सवय आहे,” ते म्हणाले, “तिला आपलं क्रियापद लागत नाही. पहिल्या घासाला लागेल. पण त्यांचा हात अजून निघालेला नाही, तेव्हा आत्ताच काही लिहू नका.” मी म्हटलं, मी काहीच लिहीत नाहीये. ते म्हणाले, बरं.

हलका धान कापून झाला आणि मळणी सुरू झाली. एका सुट्टीच्या दिवशी मी सकाळी खळ्यात होते. मळणीयंत्र भुसा उडवत होतं. बाबा धानाच्या राशीजवळ उकिडवे बसून दाणे चावत होते. हे ते दर वर्षी करतात. दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट आवाज झाला तर धान वाळला, दाणा चपटा झाला तर आणखी ऊन द्यायचं. घरात हे फक्त त्यांच्या दातांनाच जमतं. काकांना कवळी आहे. बाबा राशीच्या या टोकाचा एक दाणा घेत, त्या टोकाचा एक घेत, चावत, वाऱ्याकडे तोंड करत आणि मग पुढचा घेत. त्यांचा नियम त्यांनीच केलेला होता, धानातून निघते ते भात. धान स्वतः कशात मोडतो हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

नवं खायच्या दिवशी सगळे आंघोळी करून स्वयंपाकघरात जमले. पाट मांडलेला होता. काका नवा दुपट्टा घेऊन दाराशी उभे होते आणि आपल्याला काही नको आहे असा चेहरा करून होते. बाबा आत आले आणि सवयीने पाटावर बसले. कोणी त्यांना उठा म्हणेना. काकूने पानावर भात वाढला, दूध घातलं, गुळाचा खडा ठेवला. बाबा कालवू लागले. पहिला घास ज्याचा, कालवणारा तोच. हे त्यांना आठवत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

काका खाकरले. “दादा.”

“कालवून तर देऊ दे,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात आत्या बोलली. ती ही गोष्ट कधीपासून जपून ठेवून होती ते मला माहीत नाही. “नवं तर दादानं केव्हाच खाल्लं. खळ्यात. रोज दाणे चावून राहिला होता. पहिला दाणा कोणाच्या तोंडात गेला? याच्याच ना? मग झालं.”

“ते काम होतं,” काका म्हणाले.

“दाणा तोंडात गेला की नाही गेला?”

“कच्चा होता.”

“देवानं शिजवून धाडायला पाहिजे होता काय?”

काका विचारात पडले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की त्याच्यापुढे माझी पत्रकारिता फिकी पडली. “गिळला का थुकला?”

प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना एकदमच समजला. दाणा गिळला असेल तर बाबांनी नवं खाल्लं होतं. पहिला घास त्यांचा, वर्षभर शब्द त्यांचा, पण गयेला आईच्या नावाने सोडलेलं पाणी मोडलं. थुंकला असेल तर पाणी शाबूत होतं आणि पाट काकांचा होता.

आत्या माझ्याकडे वळली. “तू होतीस ना खळ्यात. तू पेपरवाली. सांग.”

मी आठवून पाहिलं. दाणा चावल्यावर बाबा तोंड वाऱ्याकडे करत होते. भुसा उडत होता. त्यांच्या तोंडातून काही बाहेर पडलं असेल तर ते भुशात वेगळं दिसणार नव्हतं. “मला सांगता येत नाही,” मी म्हटलं. “पाहिलेलं नाही.”

“एवढं शिकवून,” काका म्हणाले.

सगळे बाबांकडे पाहू लागले. त्यांची बोटं अजून भातात होती. गूळ विरघळला होता. कालवायचं काही उरलं नव्हतं. तरी ते एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भात गोळा करत राहिले, कडेची शितं मध्ये आणत राहिले.

“थुकलो,” ते म्हणाले.

मग त्यांचा हात पानावर थोडा वेळ तसाच राहिला. नंतर त्यांनी तो उचलला. बोटांना चिकटलेली शितं एकेक करून पानावर परत ठेवली, तांब्यातल्या पाण्याने हात धुतला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठले. उठायला त्यांना वेळ लागला. काका पुढे येऊन हात द्यायला लागले, तर बाबा म्हणाले, “तू बस. थंड होऊन राहिलं.”

काका पाटावर बसले. दुपट्टा दोनदा सारखा केला आणि पहिला घास घेतला.

“कसा आहे?” बाबांनी विचारलं.

“चांगला आहे.”

“दाणा मोकळा झाला?”

“झाला.”

“चिकट लागते काय? यंदा पाणी उशिरा तुटलं होतं.”

“दादा, मले खाऊ दे ना.”

बाबा दारात उभे राहून घास मोजल्यासारखे पाहत राहिले. काकांनी दुसरा घास घेतला नाही. पानाकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “आता घरातला मोठा मी. शब्द माझा. मी सांगून राहिलो, दादा, तू भात खा.”

“का?”

“मोठा म्हणते म्हणून.”

“मी मोठा होतो तेव्हा तू माझं एक तरी ऐकलंस?” बाबा म्हणाले. “मी कायले तुझं ऐकू?”

पदरामागून काकूचं हसू ऐकू आलं. जेठासमोर ती हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. बाबांनी तिच्याकडे न पाहता मला सांगितलं, “म्हणावं, पोळ्या टाक.” ते जेवले, हात वाळवत बसले, आणि बऱ्याच वेळाने आपणच ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

सोमवारी मुख्य उपसंपादकांनी विचारलं, काय झालं. मी हाताचं सांगितलं. शितं परत ठेवल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, “हेच.” आणि समोरचा बदलीचा आदेश माझ्याकडे सरकवला. मी ‘पदभार सोडला’ असं लिहिलं. दुसरा शब्द आमच्याकडे नव्हता.

थंडी पडल्यावर उशिरा पिकणारा भारी धान आला. पोती कधी भरायची हे सांगण्याचा मान आता काकांचा होता. ते खळ्यात राशीसमोर उभे राहिले, पाठीमागे हात बांधले आणि धानाकडे पाहत राहिले. धान पाहून कळत नाही. मजूर पोती घेऊन वाट पाहत होते. काकांनी एक दाणा उचलून तोंडात घातला आणि चावला. कवळी खालून सटकली. त्यांनी पाठ करून ती बसवली, दाणा हातात काढला आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

मग नवा दाणा उचलून त्यांनी बाबांपुढे धरला. “दादा, तू पाह्य.”

बाबांनी दाणा दाढेखाली धरला. यंत्र बंद होतं, भुसा उडत नव्हता. काका त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मजूर पाहत होते. मीही पाहत होते, या वेळी नीट. कट आवाज आला.

“उद्या भरा,” बाबा म्हणाले. बोलताना तोंड रिकामं होतं. ते थुंकले नव्हते.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही विचारलं नाही. मजुरांकडे वळून मोठ्याने म्हणाले, “उद्या भरा.”

बाबा राशीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि आणखी एक दाणा उचलला.